दहा मिनिटांचं काम

"दहा मिनिटांचं काम आहे काका, गाडी ठेवून जा." विचुंब्यातल्या एका गॅरेजात गाडीचा ऑक्सिजन सेन्सर बदलायला गेलो, तेव्हा हेच ऐकलं. माझी तक्रार या दहा मिनिटांबद्दल आहे.

चेक इंजिनचा दिवा लागला होता. स्कॅनरवर पी०१४१ हा कोड आला, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचा हीटर. सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढे नीट काम करतो, म्हणून त्याला हा हीटर. तेव्हा आधी फ्यूज आणि वायर बघायची. मेकॅनिकने तो कोड मला समजावलाच नाही, पुसून टाकला आणि पुढचा सेन्सर बदलायला घेतला. दिवा पुढच्या सेन्सरसाठी लागलेलाच नव्हता.

सेन्सर पाइपात आट्यांवर बसतो. बहुतेक गाड्यांत आटे १८ मिलिमीटरचे आणि पाना २२ चा. त्यातून वायर निघते, म्हणून गोटी (सॉकेट) बाजूला खाच असलेलीच हवी. ती नव्हती. साध्या पान्याने जोर लावला. आमच्याकडचा चार महिन्यांचा पाऊस आणि साचलेल्या पाण्यातून चालवलेली गाडी, पाइप गंजलेलाच असणार. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडलं असतं, तर काम सोपं झालं असतं. नटाच्या कडा गेल्या, मग छिन्नी आली.

नवा सेन्सर ऑइलने माखलेल्या हाताने टोकाला धरला. तेच टोक धुरातला ऑक्सिजन मोजतं. त्याच मापावर इंजिन एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळतं. प्लग जुळेना, म्हणून वायर कापून पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. बऱ्याच सेन्सरना तुलनेची बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते. तिथे पाणी शिरलं की नव्या सेन्सरचंही माप चुकणार.

तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. कोड तोच, पी०१४१.

धुराचे बीएस-६ नियम आले १ एप्रिल २०२० ला. गाड्यांनी धूर मोजायचा, चूक झाली तर चालकाला सांगायची, ही व्यवस्था आपल्यासाठीच आहे. त्या धुरात रिक्षास्टँडवर उभी असलेली पोरं श्वास घेतात. दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

माझं मागणं लहान आहे. गाडी आली की आधी कोड वाचा, तो बिलावर लिहा, आणि कुठला सेन्सर, पुढचा की मागचा, हेही लिहा. खाच असलेली २२ ची एक गोटी गॅरेजात ठेवा. काम दहा मिनिटांचं नसेल तर तसं सांगा. आम्ही थांबू.