वाढीव मुदतीचे अण्णा

निपाणीच्या बाजारपेठेत असे अण्णा गल्लीला एक तरी सापडतात. खिशाला दोन पेनं, दोन्ही न चालणारी. थोडा तंबाखूचा व्यापार, थोडी शेती, मुरगूड रोडला दोन गाळे भाड्यानं दिलेले. अण्णा कर बुडवणारे नव्हेत, उगाच बोल लावू नये. कर भरायचा, हे त्यांना तत्त्वतः मान्य आहे. आज भरायचा, हे मान्य नाही.

यात त्यांचा एकट्याचा दोष नाही. १९५६ साली हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली सीमाप्रश्नावरचा महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. ज्याचा जन्मच तारखा पडताना बघण्यात गेला, त्याला रिटर्नची शेवटची तारीख अमुक म्हणून काय सांगणार? "शेवटची तारीख म्हणून काय असतंय काय कुठं?" असं अण्णा विचारतात, आणि ऐकणाऱ्याला पटकन उत्तर सुचत नाही.

त्यात २०२५ साली सरकारनंच घात केला. मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर नेली, आणि त्या रात्री आणखी एक दिवस वाढवून दिला. तो १६ सप्टेंबर अण्णांना आता जन्मभर पुरेल.

अर्थात त्या १६ तारखेलाही त्यांनी रिटर्न भरलं नाहीच. सप्टेंबरात गणपतीचा शीण होता, ऑक्टोबरात दिवाळी. नोव्हेंबर उजाडतो तो सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनानं, त्या दिवशी सरकारी कागदाला हात लावणं बरं दिसत नाही. डिसेंबरात बेळगावला कर्नाटकाचं अधिवेशन, म्हणून आपला महामेळावा. अण्णा मेळाव्याला पोचतात की नाही, ते विचारू नका. पोलीस वाटेत अडवतील म्हणून बऱ्याचदा ते घरातूनच निघत नाहीत. पण कारण भक्कम आहे.

अखेर ३१ डिसेंबरला संध्याकाळी स्वारी टॅक्सवाल्या वकिलाकडे येते. हातात कापडी पिशवी, पिशवीत वीजबिलं, पासबुकं आणि एका लग्नाची पत्रिका. "तेवढं रिटर्न टाकून सोडा की, वकील."

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, एवढाच अण्णांचा आयकर कायद्याचा एकूण अभ्यास. म्हणून व्यापाराचा नफाही ते शेतीत धरतात, कारण तंबाखू शेतातच येते. गाळ्यांचं भाडंही शेतीतच, कारण गाळ्यामागं जांभळाचं झाड आहे. वकील शांतपणे सगळं खोडतो आणि हिशेब सांगतो. एकूण उत्पन्न पाच लाखांच्या वर, म्हणजे उशिराची फी ५,०००. पाच लाखांपर्यंत असतं तर १,०००.

"मग पाच लाखाला एक रुपया कमी लिवा की!"

शिवाय थकलेल्या करावर महिन्याला एक टक्का व्याज, आणि महिन्याचा तुकडा असला तरी अख्खा महिना धरायचा. १७ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर म्हणजे साडेतीन महिने, पण व्याज चारचं. ॲडव्हान्स टॅक्स भरला नाही, त्याचं व्याज निराळं. अण्णा खवळतात. अर्ध्या महिन्यासाठी अख्ख्या महिन्याचं व्याज आमच्याकडं सावकारसुद्धा घेत नव्हता, म्हणतात. (घेत होता. अण्णांचे आजोबाच तो धंदा करायचे.)

मग पडद्यावर वार्षिक माहितीपत्रक उघडतं आणि त्यात गडहिंग्लजच्या बँकेतल्या ठेवीचं व्याज दिसतं. अण्णांचा चेहरा पडतो. ठेव महाराष्ट्रात आहे, ती कर्नाटकाला कशी दिसली? पॅन एकच असतो आणि आयकर खातं दिल्लीचं आहे, हे वकील दरवर्षी सांगतो.

"दिल्लीचं कुठलं? नोटीस बेंगळुरूवरनं येतीया. मराठी माणसावर डूख धरून बसल्यात ते."

"अण्णा, तिकडं महाराष्ट्रात कागलच्या तुमच्या मेव्हण्याचं रिटर्नपण बेंगळुरूलाच जातंय. सगळ्या देशाची रिटर्नं तिथंच तपासत्यात."

हा घाव मात्र वर्मी बसतो. म्हणजे उद्या निपाणी महाराष्ट्रात गेली तरी रिटर्न बेंगळुरूलाच! काही वेळ अण्णा नुसतं चहाकडं बघत राहतात.

तरीही वाट शोधतातच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा, मग जुनं माफ होणार काय? नाही होणार. आजची तारीख चुकली तर? वकील चिडून सांगतो, मग अपडेटेड रिटर्न, चार वर्षांपर्यंत भरता येतं, पण कर आणि व्याज मिळून होईल त्यावर पहिल्या वर्षी २५ टक्के जादा, मग ५०, मग ६०, मग ७०. यातलं अण्णांना फक्त 'चार वर्षांपर्यंत' ऐकू येतं. ते पिशवी आवरायला लागतात. वकील पिशवीचा बंद धरतो.

रात्री साडेअकराला चलन भरून होतं, रिटर्न जातं. आता आधारचा ओटीपी. तो पुण्यातल्या मुलाच्या मोबाईलवर. मुलगा झोपेतून उठून ओरडतो, "अण्णा, ओटीपी कुणालाही द्यायचा नसतो, फसवत्यात!" आणि फोन बंद करतो. तेवढ्यात वकिलाकडचा नवा पोरगा मदतीला म्हणून बोलून जातो, "राहू दे की सर, पडताळणीला तीस दिवस असतात."

अण्णा दारातून मागं वळतात.

"म्हणजे ३० जानेवारी. वाढवत्यात काय ओ ती?"