साहेब व्हिजिटला गेलेत

डोंबिवलीकराची आणि सरकारी कार्यालयाची गाठ पडणं तसं अवघडच. कार्यालय पावणेदहाला उघडतं तेव्हा हा मशीद बंदरच्या आसपास लोकलच्या दारात लटकत असतो. सव्वासहाला ते बंद होतं तेव्हा सीएसएमटीच्या फलाटावर उभा राहून इंडिकेटरकडे बघत असतो. पूर्वी एखादा शनिवार तरी हाताशी असायचा. फेब्रुवारी 2020 च्या अखेरीस राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि तोही गेला. त्यामुळे आमच्या भागात प्रशासनावर नजर ठेवण्याचं काम आपोआप निवृत्त मंडळींकडे आलं आहे.

आमच्या सोसायटीत असे एक काका आहेत. आयुष्य ऑडिटमध्ये गेलं. मुलानं आपला जुना मोबाईल त्यांना दिला आणि तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीतल्या गटारांना, खड्ड्यांना आणि खिडक्यांना निवांतपणा राहिलेला नाही. काकांच्या व्हिडिओची सुरुवात पंचनाम्याची असते. “आज दिनांक अमुक, वेळ अकरा वाजून दहा मिनिटं, ठिकाण मानपाडा रोड, साक्षीला तिसऱ्या मजल्यावरचे भाऊ.” एवढं बोलून होईपर्यंत खड्ड्यावर रिक्षा येऊन उभी राहते. मग रिक्षा जाईपर्यंत भाऊंचं दर्शन. शेवटी खड्डा दिसतो तो दोन सेकंद, आणि त्यातही कोपऱ्यात काकांचा अंगठा.

“कुणाला विचारून शूटिंग करताय?” हा या क्षेत्रातला पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं जुलै 2022 मध्ये देऊन ठेवलं आहे, पण ते खिडकीपर्यंत पोचायला वेळ लागतोय. मामला वर्ध्याचा होता. शेजाऱ्याशी भांडण, त्यापायी पोलीस ठाण्यात गेलेलं जोडपं आणि तिथल्या बोलाचालीचं मोबाईलवर झालेलं चित्रीकरण. त्याबद्दल नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला तो थेट 1923 च्या शासकीय गोपनीयता कायद्याखाली. म्हणजे इंग्रजांनी हेरांसाठी केलेल्या कायद्याखाली. त्यातल्या निषिद्ध ठिकाणांमध्ये शस्त्रागार आहे, लष्करी छावणी आहे, सुरुंग पेरलेली जमीन आहे, जहाज आहे, विमान आहे. न्यायमूर्ती मनीष पितळे आणि वाल्मिकी मेनेझिस यांनी व्याख्या तपासली; तिच्यात पोलीस ठाणं काही निघेना. गुन्हा रद्द झाला. पुढे 2024 मध्ये पाथर्डीच्या पोलीस ठाण्यातलं तसंच प्रकरण औरंगाबाद खंडपीठापुढे आलं. व्याख्या तीच होती. जे पहिल्यांदा तिच्यात नव्हतं ते दुसऱ्यांदाही सापडलं नाही.

अमेरिकेतही हे सुखासुखी ठरलेलं नाही. बोस्टनच्या एका सार्वजनिक बागेत पोलीस एकाला पकडत असताना एका वकिलानं मोबाईल वर धरला, म्हणून त्यालाच 2007 मध्ये अटक झाली. अपील न्यायालयानं 2011 मध्ये चित्रीकरण हा नागरिकाचा हक्कच असल्याचं सांगितलं आणि पुढच्या वर्षी शहरानं त्याला 1 लाख 70 हजार डॉलर मोजले. हा आकडा मी काकांना सांगितला तेव्हा त्यांनी आधी रुपयांत गुणाकार केला आणि मग उठून फोन चार्जिंगला लावला.

आपल्याकडे कार्यालयात शिरल्याबरोबर जी पाटी दिसते ती वेगळीच असते. शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम 353 खाली अमुक शिक्षा. जुलै 2024 पासून जुन्या दंडविधानाच्या जागी नवी संहिता आली, 353 चं 132 झालं, पण पाटी रंगवायला निविदा निघायची असावी. तर मोबाईल वर धरणं म्हणजे अडथळा का? लांब उभं राहून, गप्प राहून धरला तर नाही, असं साधी अक्कल सांगते. पण गप्प राहणं हे आपल्याला जमत कुठे! मोबाईल हातात आला की आपल्यातला वार्ताहर जागा होतो. “बघा मित्रांनो, बघा, हे साहेब आता कसे तोंड लपवतायत!” साहेब बिचारे शिंकत असतात. “व्हायरल करीन” हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. त्यात हक्क कमी आणि दमदाटी जास्त आहे. शिवाय पोलीस ठाण्यातल्या बाकावर एखादी बाई तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगायला आलेली असू शकते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि तो नसता तरी मोबाईल खाली घ्यायला हवाच.

कॅमेऱ्याचा गुणही मी पाहिला आहे. कार्यालयाचं नाव कशाला सांगू? एका खिडकीवर एक आजी मघापासून “उद्या या” ऐकत होत्या. मागच्या मुलानं मोबाईल काढला, आईला व्हिडिओ कॉल लावायला. खिडकीतल्या गृहस्थांनी तो पाहिला मात्र, “आजी, बसा ना, पाणी घेता का?” असं सुरू झालं. कागदही सापडला. मुलगा शेवटपर्यंत आईशी भेंडीच्या भाजीबद्दल बोलत होता.

आता तर दोन्ही बाजूंना कॅमेरे आहेत. मध्य रेल्वेनं 2023 मध्ये मुंबई विभागातल्या टीसींना छातीवर लावायचे कॅमेरे दिले. कल्याणच्या पुलावर विनातिकीट सापडलेला माणूस हात उंच करून टीसीचं शूटिंग करतो आणि टीसीची छाती त्याचं शूटिंग करते. दोघंही एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागतात, हा एक फायदा. रस्त्यावर वाहतूक पोलीस आपल्या खासगी मोबाईलवर गाड्यांचे फोटो काढायचे; 2025 मध्ये वरिष्ठांनी तसं करू नका म्हणून बजावलं. पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावा, आवाजासकट लावा, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं. ते चालू ठेवा हे वेगळं सांगायला हवं होतं, हे न्यायालयाच्या नंतर लक्षात आलं.

पण मला या सगळ्यात खटकतं ते निराळंच. मोबाईलच्या टप्प्यात येतो कोण? जो उन्हात उभा आहे तो. सफाई कामगार, चौकातला हवालदार, टीसी, अतिक्रमणाच्या गाडीवरचा माणूस, खिडकीतला कारकून. बिडी ओढायला दोन मिनिटं झाडाखाली बसलेला कामगार “महापालिकेचा कारभार बघा” या मथळ्याखाली गावभर फिरतो. कारभार वरच्या मजल्यावर, काचेच्या दारामागे, शिपायाच्या पलीकडे असतो. तिथे मोबाईल पोचत नाही. रस्त्यावरच्या माणसाच्या वाट्याला काय येतं हे ठाणे शहरानं पाहिलं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये कासारवडवलीला फेरीवाल्यांवरची कारवाई चालू असताना सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांच्यावर चाकूहल्ला झाला, त्यांची बोटं तुटली. त्या बाई केबिनमध्ये बसून राहिल्या असत्या तर ना कुणी त्यांचा व्हिडिओ काढला असता, ना चाकू.

खालच्या माणसावर नजर ठेवायची सरकारलाही भारी हौस. नागपुरात सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. रोजगार हमीच्या मजुरांचे, म्हणजे आपल्या शहापूर-मुरबाडकडच्याही, कामावर दिवसातून दोनदा फोटो काढून अ‍ॅपवर चढवायचे असतात. जानेवारी 2023 पासून हे सगळीकडे सक्तीचं झालं. मग जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढावं लागलं, की अ‍ॅपवर भलतेच फोटो येतायत, काही ठिकाणी तर फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जातेय. साहेबांच्या मनगटावर घड्याळ असतं, पण ते त्यांनी स्वतः घेतलेलं असतं आणि ते फक्त वेळ दाखवतं.

काकांनी यावर तोडगा काढला आहे. ते रिकाम्या खुर्चीचं शूटिंग करतात. खुर्चीला खासगीपणा नाही, तिच्या कामात अडथळा येत नाही आणि ती “मोबाईल खाली घ्या” म्हणत नाही. वर पंखा चालू, खुर्चीच्या पाठीला टॉवेल, टेबलावर चष्म्याचं घर. “साहेब व्हिजिटला गेलेत,” शिपाई सांगतो. काकांच्या संग्रहात अशा खुर्च्या पुष्कळ आहेत आणि मला त्यांतले बरेच टॉवेल आता ओळखू येतात.

खरं तर माणसांपेक्षा कामाचं शूटिंग जास्त बोलतं. जुलै 2025 मध्ये शिळफाटा रस्त्यावरचा पलावा पूल उघडला आणि थोड्याच वेळात घसरणाऱ्या दुचाक्यांमुळे बंद करावा लागला. त्या दिवशी कुणा अधिकाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरायची गरज कुणाला वाटली नाही, पूलच पुरेसा होता. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात तर कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. डांबराचा नमुना डब्यातून घरी आणल्याचं मात्र माझ्या ऐकण्यात नाही. महापालिकांमध्ये दर सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघता याव्यात, असं परिपत्रकही 2018 मध्ये निघालं. सोमवारी दुपारी तीनला डोंबिवलीकर कुठे असतो हे वर सांगितलंच आहे.

परवा पावसाळ्याआधीची नालेसफाई चालली होती. काका गेलेच. दिनांक, वेळ, ठिकाण झालं. गुडघाभर गाळात उभा असलेला एक तरुण कामगार वर बघत म्हणाला, “काका, आडवा धरा मोबाईल, उभ्यात अर्धंच येतं.” काका चपापले. हरकत घेण्याऐवजी दिग्दर्शन करणारा त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. “आणि झाला की मला पाठवा. मुकादमाला रोज फोटो लागतो, माझ्या फोनचा कॅमेरा गेलाय.” काकांनी अंगठा बाजूला घेऊन फोन आडवा केला आणि जरा नरमाईनं विचारलं, “मी सुरुवातीला तारीख-वेळ बोलतो, चालेल ना?”

“बोला की. फक्त साडेसहापासून आलोय म्हणून सांगा.”