शेवटच्या बाकावरचे सर

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, पण बी.एड.चा छात्राध्यापक मात्र वेळेच्या आधीच हजर. शाळा अकराची, हा साडेनऊलाच फाटकापाशी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळी पँट, काखेत फाइल, खिशाला तीन रंगांची तीन पेनं. आमच्या नागपूरच्या महालातल्या शाळेचा शिपाई त्याला खालून वर न्याहाळतो आणि सांगतो, "गाईडवाले होय का? मोठे सर मीटिंगले गेले. उद्या या." शिपायाचं तसं काही चुकत नाही. इतका टापटीप माणूस आमच्याकडे एक तर पुस्तकं खपवायला येतो, नाही तर तपासणीला. आणि तपासणीवाले साडेनऊला येत नाहीत.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्यातले २० आठवडे शाळेत काढायचे असतात. सुरुवात निरीक्षणानं. शिकवायचं नाही, नुसतं मागं बसून पाहायचं. एवढं सोपं काम या जगात दुसरं नसेल असं आपल्याला वाटतं. पण हा आलेला असतो कॉलेजातलं सूक्ष्म अध्यापन आटोपून. तिथं पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर दहा विद्यार्थी, तेही याचेच वर्गमित्र. कोणाला दाढी, कोणाच्या कडेवर घरी पोर. प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर आणि सगळ्यांचं उत्तर बरोबर. या अनुभवाच्या बळावर तो आठवी 'ब'च्या शेवटच्या बाकावर येऊन बसतो. बाक तेरा वर्षांच्या पोरांसाठी केलेला. गुडघे आत जात नाहीत म्हणून तो तिरपा बसतो आणि दिवसभर तिरपाच राहतो.

या वर्षीचा माझ्या इतिहासाच्या तासाला होता. फाइलीत छापील तक्ता, तक्त्यात हर्बार्टची पंचपदी: प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन. (हर्बार्ट या जर्मन गृहस्थानं पायऱ्या चारच सांगितल्या होत्या. पाच केल्या त्या शिष्यांनी. शिष्य सगळीकडे सारखेच.) मी वर्गात शिरलो, डस्टर आपटलं आणि विचारलं, "कुठवर आलो होतो रे?" मागून निळ्या पेनाची टोपी निघाल्याचा आवाज आला. ही प्रस्तावना की गृहपाठाची चौकशी? निळं पेन हवेत थांबलं. तोवर मी "पान काढा" म्हणून हेतुकथन उरकलंही होतं.

पण खरी परीक्षा पुढं होती. कॉलेजनं त्याला फ्लँडर्सच्या पद्धतीनंही एक पाठ टिपायला सांगितलं होतं. नेड फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकानं वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार पाडले. सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. दर तीन सेकंदांनी त्या क्षणी काय चाललंय त्याचा आकडा लिहायचा. पस्तीस मिनिटांची तासिका म्हणजे ७०० आकडे. बिचाऱ्यानं मान खाली घातली ती वर काढलीच नाही. निरीक्षण करायला आलेल्या माणसाला बघायला तेवढी फुरसत नव्हती.

मी तैनाती फौज शिकवत होतो. शिकवता शिकवता नेहमीप्रमाणे पुस्तक सोडून सीताबर्डीच्या टेकडीवर चढलो. नोव्हेंबर १८१७, आप्पासाहेब भोसल्यांची फौज, समोर इंग्रज. तेवढ्यात एकजण उठला, "सर, तो किल्ला आपल्याले रोज काऊन नाही पाहू देत?" मी म्हटलं, लष्कराच्या ताब्यात आहे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारीला उघडतात. मग काय! कोण गेलं होतं, कोणाची चप्पल तुटली, कोणाच्या बाबांनी वर चढायला नकार देऊन खालीच आलूपोंगा खाल्ला, सगळा वर्ग एकदम बोलू लागला. मागं पाहतो तो हा ओळीनं १० लिहितोय. दहा, दहा, दहा. शांतता आणि गोंधळ एकाच खणात टाकणाऱ्या फ्लँडर्स साहेबांनी आठवी 'ब' कुठंतरी पाहिली असणार, अशी माझी खात्री पटली.

मधल्या सुटीत शिक्षक कक्षात तर्री पोहे आले. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात प्लेट, अशा अवस्थेत पांढरा शर्ट सांभाळणं हे कोणत्याच अभ्यासक्रमात नाही. तर्रीचा पहिला थेंब खिशावर पडला आणि त्याच वेळी पर्यवेक्षकांनी त्याला हेरलं. शाळेत मोकळा बसलेला प्रौढ माणूस पर्यवेक्षकांना कधी दिसत नाही. दिसला की सोडत नाहीत. "सर, तुम्ही मोकळेच आहात ना? सहावी 'अ' सांभाळा जरा. मॅडम निवडणुकीच्या कामाला गेल्या." आज फक्त निरीक्षण आहे, हे वाक्य त्याच्या तोंडातल्या पोह्यांच्या मागंच राहिलं.

मी शेजारच्या वर्गात होतो. भिंत पातळ, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. गडी पंचपदीनं निघाला.

"मुलांनो, आपण कोणत्या शहरात राहतो?"

"नागपूऽऽर!"

"नागपूर कशासाठी प्रसिद्ध आहे?"

त्याला संत्री हवी होती. संत्र्यावरून फळ, फळावरून बी, बीवरून अंकुरण, असा बेत असावा. वर्गानं मात्र ऊन दिलं, मारबत दिली, झिरो माइल दिला, तर्री पोहे दिले. (शर्टाकडे बघून दिले असावेत.) शेवटी त्यानंच "संत्री!" म्हणून टाकलं. त्यावर खिडकीजवळून आवाज आला, "संत्रे तं काटोलले होतात सर. इथं फक्त विकतात." माहिती बिनचूक होती. अंकुरण तिथंच करपलं.

मग एक मुलगी उभी राहिली असावी. "सर, तुमी शिकवून राहिले का शिकून राहिले?"

"उद्यापासून शिकवणार," हा प्रामाणिकपणे म्हणाला.

"मंग आज पीटी द्या!"

या युक्तिवादाला हर्बार्टकडे उत्तर नाही. पाच मिनिटांत सहावी 'अ' मैदानावर होती आणि छात्राध्यापक कबड्डीचा पंच झाला होता. ओरडत होता, धावत होता, बाद झालेल्याशी वाद घालत होता, पोरांना नावानं हाका मारत होता. इतक्या कमी वेळात चाळीस नावं मला जमली नसती. फाइल कट्ट्यावर उघडी पडली होती.

संध्याकाळी सहीसाठी तो माझ्याकडे आला. अभिप्रायाच्या रकान्यात सुबक अक्षरात होतं: 'शिक्षकांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. आशयाबाहेर जाणे टाळावे.' मी सही केली. शेरा बरोबरच होता आणि मी ते टाळणार नाही. सहावी 'अ'बद्दल मात्र फाइलीत एक अक्षर नव्हतं, कारण त्याला रकाना नव्हता.

पोरगा पक्का मास्तर आहे, हे माझं मत. आता त्याच्यापुढं टीईटी आहे, अभियोग्यता चाचणी आहे, पवित्र पोर्टल आहे. आमच्या शाळेत एक जागा रिकामी आहे आणि ती भरायची परवानगी अजून आलेली नाही.