दाजी, तुमचा क्लच आम्ही दाबतोय

रा. रा. दाजी यांस,


पत्रास कारण की, परवा अक्काचा फोन आला होता. नातवाचे दात, पाण्याचा टँकर, धाकट्या नणंदेचा बीपी असं सगळं झाल्यावर ती सहज म्हणाली, "आन यांनी गाडी बदलली बरं का. ऑटोमॅटिक घेतली. गुडघा लई दुखायलाय यांचा, क्लच दाबवंना."

मी फोन तसाच कानाला धरून गॅलरीत आलो. खाली आमची गाडी उभी होती. पाच गियर, तीन पेडल, तुमच्या पसंतीची.

मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर काही म्हणायची आपल्यात रीत नाही. धोंड्याच्या महिन्यात ताटात अनारसे वाढायचे आणि तुम्ही सांगाल त्याला मान डोलवायची, एवढंच मेव्हण्याचं काम. म्हणून हे खुलं पत्र. तुमचं नाव घालत नाही. एमएच २४ असो की एमएच २६, दर दोन घरांमागं एक दाजी आहेतच. ज्यांना लागेल त्यांनी आपलं समजावं.

गुन्हा घडला तो दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आधीच्या रविवारी, नांदेडातल्या एका शोरूममध्ये. गाडी घ्यायची होती आमच्या सौ.साठी. तिची शाळा लोह्याच्या बाजूला. रोज एसटी, नाहीतर काळीपिवळी. बारा वर्षं ती स्कुटी चालवते. तरोडा नाक्यावरून वजिराबादेत जाऊन, भाजी घेऊन, पोराला क्लासला सोडून अर्ध्या तासात परत येते. सेल्समन पोरगं बिचारं शहाणं होतं. त्यानं पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "सर, गाडी मेनली कोण चालवणार?"

तुम्ही म्हणालात, "आम्हीच की!"

दाजी, तुम्ही लातूरहून एका दिवसासाठी आला होता. संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता. तरी बॉनेट तुम्ही उघडायला लावलंत, टायर तुम्ही बुटानं ठोकून बघितलेत आणि माझ्या चुलतभावाला इंजिन तुम्ही समजावून सांगितलंत. जिनं गाडी चालवायची ती मागं सोफ्यावर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसली होती. तिला चहा विचारला. गियर कुणी विचारले नाहीत.

त्या पोरानं दबकत सुचवलं, "मॅडम स्कुटी चालवतात तर ऑटोमॅटिक बघा ना, चाळीस-पन्नास हजारांचा फरक पडतो." त्यावर तुम्ही जे हसलात ते मला अजून ऐकू येतं. "ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी!"

अहो दाजी, बायकोसाठीच घ्यायची होती.

पण तुमचा अभ्यास दांडगा. तुम्ही म्हणालात, ॲव्हरेज बोंबलतं. आपल्या पुण्यात एआरएआय नावाची संस्था आहे, गाड्यांचे अधिकृत आकडे तिथं ठरतात. २०१४ साली सेलेरिओ आली, आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांतली पहिली एएमटी, म्हणजे ऑटोमॅटिकचाच एक प्रकार. तेव्हा तिचा आकडा हातगियरला आणि ऑटोला एकच होता, लिटरला २३.१. पुढं एक लिटर इंजिनाच्या वॅगन आरचा हातगियरचा आकडा २४.३५ आणि ऑटोचा २५.१९ आला. रस्त्यावर दोन्ही आकडे कमी भरतात हे मलाही कळतं, पण बोंबलायचं तर दोघींनीही बोंबलावं. तुम्ही म्हणालात, लायसन वेगळं लागतं. ते विलायतेत. तिथं ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर हातगियरची गाडी चालवता येत नाही. आपल्याकडं गियर आणि बिनगियर हा भेद दुचाकीच्या लायसनमध्ये आहे, कारच्या नाही. तुम्ही म्हणालात, बिघडली तर नांदेडात मिस्त्री मिळत नाही, हैदराबाद गाठावं लागतं. हे एकेकाळी खरं असेल, म्हणून सोडून देतो. आणि धक्का मारून चालू होत नाही म्हणालात, ते आजही खरं आहे. पण दाजी, गेल्या दहा वर्षांत तुम्ही कुणाच्या गाडीला धक्का मारलाय ते एकदा आठवून सांगा. तुम्ही आत बसून "हां, मारा!" म्हणता.

आणि ऑटोमॅटिक काही आजची नाही. आमचं नांदेड-लातूर निजामाकडं होतं, तेव्हा, म्हणजे १९४० च्या मॉडेलमध्ये, अमेरिकेत ओल्ड्समोबिलनं क्लचशिवायची गाडी बाजारात विकायला ठेवली होती. एवढ्या लांब जायचं नसेल तर तुमच्या अंगणातलंच सांगतो. तुमच्याकडं चेतक होती. डाव्या मुठीत क्लच, त्याच मुठीत गियर, आणि सकाळी चालू व्हायची नाही म्हणून तिला आडवी करून लोळवायचात. १९८४ साली फिरोदियांची कायनेटिक होंडा आली. बटन दाबलं की चालू, गियर नाही. पुढं तुमच्या बँकेतल्या एका साहेबांनी ती घेतली, तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होता, बायकांची गाडी. आज शिवाजी चौकात उभं राहून मोजा. ट्यूशनची पोरं, दुधवाले, वकील, सगळे बिनगियरचे. तुमच्या घरातही दोन आहेत, आणि भाजी आणायला तुम्ही त्यातलीच एक नेता.

असो. गाडी आली, पेढे वाटले, हार घातला. तुमचं ऐकून चाळीस-पन्नास हजार वाचले.

मग सौ. शिकायला लागली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं पंधरा दिवसांत तिला विद्यापीठाच्या मोकळ्या रस्त्यावर पक्कं केलं. सोळाव्या दिवशी हिंगोली गेटच्या पुलाच्या चढावर गर्दी तुंबली. पुढं लग्नाची वरात. मागं ऑटोरिक्षा, अगदी बंपरला चिकटून. तिनं क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी हातभर मागं आली आणि ऑटोवाला ओरडला. चौथ्यांदा तिनं इतका रेस दिला की पुढचे बँडवाले वळून बघायला लागले. जळक्या क्लच प्लेटचा वास तुम्हाला माहीत आहे ना, दाजी? खोबरं आणि रबर एकाच तव्यावर भाजल्यासारखा. तो वास गाडीत कोंडलेला, आणि तिच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर. घरी आली, किल्ली फ्रीजवर ठेवली. ती किल्ली आठ महिने तिथंच होती. एसटी पुन्हा सुरू झाली.

जिला स्कुटीवर अख्खं नांदेड येतं तिला गाडी येत नाही, असं घरात ठरलं. ठरवणारा मीच. तुमच्याकडून एवढं तरी शिकलो.

आता माझी गोष्ट. मार्गशीर्षात तुमच्याकडं बारशाला निघालो, तर वाटेत माळेगावची यात्रा. खंडोबाचा तो पसारा तुम्हाला नवा नाही. घोडे, गाढवं, उंट, पाळणे आणि सगळ्यांच्या मधून आपला राष्ट्रीय महामार्ग. दीड तास. पहिला गियर, अर्धा क्लच, दोन हात पुढं, न्यूट्रल. पहिला, अर्धा क्लच, दोन हात. पोटरीत गोळा आला तेव्हा मी दार उघडून पाय बाहेर काढला. शेजारून एक उंट चालला होता, त्यानं वाकून माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. तो आमच्या आधी यात्रेबाहेर पडला. तुमच्याकडं पोचलो तर बारसं उरकलं होतं, आणि तुम्ही दारात म्हणालात, "क्लचवर पाय ठेवून चालवत असशील, म्हणून उशीर."

आणि अशा तुम्ही, दाजी, ऑटोमॅटिक घेतलीत. ज्या गुडघ्यानं माझ्या घरात निकाल दिला, तो स्वतःच्या घरात फिरला. मला राग गुडघ्याचा नाही. गुडघे सगळ्यांचे जातात. राग याचा की तुमचा गुडघा दुखला तर तो वैद्यकीय प्रश्न, आणि आमच्या सौ.ची गाडी चढावर बंद पडली तर ती बायकांची चालवायची अक्कल.

पण देव आहे. परवा रात्री तुमचाही फोन आला. "अरे, ही गाडी झटके कामून देतीय? गियर बदलताना मान अशी डोलती की पोतराज बरा. शोरूमवाला तर म्हणला होता, स्कुटीसारखी चालती!"

ऐका आता, फुकट सांगतो. स्कुटीत पट्टा असतो, दोन पुल्यांमध्ये सरकणारा. त्यात गियर बदलतच नाहीत, म्हणून झटका नाही. हॉलंडच्या डाफ कंपनीनं १९५८ सालीच छोट्या कारमध्ये असा रबरी पट्टा बसवला होता. पट्ट्याच्या कार आजही मिळतात, त्यांना सीव्हीटी म्हणतात आणि त्यांना पैसे जास्त लागतात. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिन आणि गियर यांच्यामध्ये तेल फिरतं, तेही महागच. तुम्ही स्वस्तातली घेतलीत. तुमची एएमटी. तिच्यात तोच जुना हातगियरचा डबा आहे आणि तीच क्लच प्लेट. फक्त तुमच्या गुडघ्याच्या जागी एक यंत्र क्लच दाबतं. म्हणजे दाजी, ज्याला तुम्ही शोरूममध्ये हसला होता त्याच्या आत तुमचा लाडका क्लच बसलेला आहे. 'ऑटोमॅटिक' या एका शब्दात निदान तीन वेगळी यंत्रं विकली जातात. त्यातलं कोणतं घेतोय, हे विचारायला तुमच्यासारखा जाणकार माणूस सोबत न्यायला हवा होता.

झटका घालवायचा असेल तर गियर बदलायच्या क्षणी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडा, दाबून धरू नका. चढावर थांबलात तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका. ब्रेक धरा किंवा हँडब्रेक ओढा. नाहीतर प्लेट जळते आणि तो खोबऱ्या-रबराचा वास तुमच्याही नशिबी येतो. आणि अहमदपूरच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर ओलांडायचा असेल तर आधी दांडा 'एम'वर घेऊन गियर खाली आणा, मग निघा. एकदम पाय दाबलात की यंत्र क्षणभर विचार करत बसतं, आणि तेवढ्यात समोरून ट्रक येतो. या बाबतीत माझी हातगियरची गाडी अजूनही सरस आहे. रोज लातूर-नांदेड करणाऱ्या माणसाला मी आजही हातगियरच सांगेन. गावातल्या गावात, शाळा-बाजार करणाऱ्याला एएमटी. आणि पैसे असतील, मान जपायची असेल, तर पट्ट्याची. एवढं साधं होतं ते. फक्त चालवणाऱ्याला विचारायचं होतं.

राहिला तुमचा डावा पाय. अक्कानं तेही सांगितलं. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि तुम्हाला सोळाही दिशांनी एकदम माणसं दिसली. सवयीनं डावा पाय क्लच म्हणून आपटलात. क्लच नव्हताच, तो रुंद ब्रेक होता. गाडी जागेवर खिळली, अक्काच्या मांडीवरचा डबा काचेवर, वरणाचा ओघळ थेट एसीच्या जाळीत. चाळीस वर्षांचा अनुभव तो, एका दिवसात कसा जाईल? डावा पाय मुडपून सीटखाली ठेवत जा. वरणाचा वास जायला मात्र पावसाळा लागेल.

येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय. गाडी मीच आणीन. लातूरला पोचलो की तुमची किल्ली सौ.ला द्या. ती तासभर रिंग रोडवर तुमची गाडी चालवून बघणार आहे. तेवढ्या वेळात आपण दोघं ओट्यावर बसून चहा घेऊ. परत आल्यावर ती काय म्हणते ते मी ऐकणार आहे. तुम्हीही ऐकावं, अशी विनंती.

कळावे, लोभ आहेच, वाढवू नये.

आपला,
नांदेडचा मेव्हणा

ता. क. अक्का वीस वर्षं स्कुटी चालवते, आणि आता बिनक्लचची गाडी तुमच्या दारात उभी आहे. तिच्या लर्निंग लायसनचा अर्ज मी इथून ऑनलाइन भरलाय. तिच्या आधारला नंबर तुमचाच जोडलेला आहे. ओटीपी येईल, तेवढा सांगा.