उभे आपण, स्टँड इंग्रजांचा

उज्जैनच्या नानाखेड्याला मुद्दाम देवदर्शनासाठी कोणी जात नाही. महाकाळ एकीकडे, क्षिप्रेचा घाट एकीकडे; नानाखेड्याला जायचे ते इंदूरची बस धरायला. शहरात दुसरा स्टँड देवास गेटचा, रेल्वे स्टेशनच्या जवळचा. मध्य प्रदेशाचे सरकारी परिवहन महामंडळ 2005 साली गुंडाळायला काढले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या गाड्या बंदच झाल्या. आता सुटतात त्या खासगी. थोडक्यात, महामंडळ बसले आणि स्टँड उभा राहिला. हे वाक्य मराठी माणूस बिनदिक्कत बोलतो. इंग्रजी शब्दकोश उघडून पाहिले तर त्याचा अर्थ ‘उभे राहणे उभे राहिले’ असा काहीतरी होईल, पण आपल्या कानाला त्यात पुनरुक्तीचा वाससुद्धा येत नाही. माझे म्हणणे याच वाक्याच्या आधारावर उभे आहे. इंग्रजांकडून आपण ‘स्टँड’ घेतला खरा, पण उभे राहण्याचे काम त्याच्याकडे कधीच दिले नाही. ते आपल्याकडेच ठेवले.

इंग्रजीत हा शब्द घरगड्यासारखा पडेल ते काम करतो. माणूस उभा राहिला की स्टँड, ज्यावर दिवा ठेवला तेही स्टँड, सहन झाले नाही तरी स्टँड, एखाद्या तत्त्वावर अडून बसले तरी स्टँड, आणि न्यायालयात साक्षीदार जिथे चढतो तेही स्टँड. (मराठीने त्या साक्षीदाराला थेट पिंजऱ्यात घातले, यावरून दोन समाजांचा न्यायव्यवस्थेविषयीचा अनुभव ताडता येतो.) मराठीने या सगळ्यातून फक्त नाम उचलले आणि क्रियापद तिथेच सोडून दिले. कारण क्रियापदाची आपल्याला ददात नव्हती. शेतात पीक उभे असते, भावाभावांत उभा दावा असतो, पाहुणे उभ्याउभ्या येऊन जातात, लग्नासाठी पैसे उभे करावे लागतात आणि क्रिकेटचा सामना जिंकला की उभा महाराष्ट्र नाचतो. निवडणुकीलाही आपण उभेच राहतो. इंग्रज त्या बाबतीत आपल्यासारखाच, अमेरिकन मात्र निवडणुकीला धावतो. पण उमेदवाराला ‘बसवणे’ ही त्यापुढची सोय कोणत्याही इंग्रजाला सुचली नाही. रात्रीतून चर्चा होते आणि सकाळी उभा उमेदवार अर्ज मागे घेऊन बसलेला असतो. उभे राहण्याच्या बाबतीत एवढी समृद्धी असलेल्या भाषेने त्यासाठी परक्या दारी कशाला जावे?

उणीव होती ती दुसऱ्या बाजूला: जो उभा आहे त्याला नव्हे, तो ज्यावर किंवा जिथे उभा आहे त्याला एक सरसकट नाव. हा भेद मराठी मनात किती खोल आहे हे पाहायचे तर पंढरपूरला जावे. अठ्ठावीस युगे उभा आहे तो विठोबा. त्याच्या पायाखाली आहे ती वीट. इंग्रजीत दोघांनाही एकाच शब्दात गुंडाळता येईल. मराठीत देव आणि वीट यांची अशी गल्लत कोणी करणार नाही. ‘स्टँड’ला आपण जे काम नेमून दिले ते विटेचे.

यावर भाषाशुद्धीवाले म्हणतील की सरसकट नाव नव्हते कसे? ‘स्थानक’ आहे की. आहे, आणि एसटीच्या पाटीवर ते ठळक अक्षरांत आहेही. 1 जून 1948 रोजी पहिली एसटी नगर-पुणे धावली, तेव्हापासून पाटी ‘बसस्थानक’ म्हणते आणि पाटीखालचा माणूस ‘स्टँडवर ये’ म्हणतो. दोघेही हट्टाला पेटलेले. गंमत अशी की हे भांडण घरातले आहे. संस्कृतातला ‘स्था’ आणि इंग्रजीतला ‘स्टँड’ हे एकाच मुळाचे, हे भाषाशास्त्र कधीचेच सांगून चुकले आहे. ठाण, ठाणे, ठाव हे त्याच गोतावळ्यातले. ठाणे शहराचे शिलाहारकालीन नाव श्रीस्थानक. म्हणजे 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी जिथे पोहोचली ते गाव आधीपासूनच स्थानक होते. आपण त्याला आज ‘ठाणे स्टेशन’ म्हणतो आणि ‘ठाणे स्थानक’ म्हणून शुद्ध करायला जावे तर मूळ अर्थाने ‘स्थानक स्थानक’ होते. चुलतभावाला परका म्हणून हाकलायचे आणि सख्ख्याला दोनदा पानावर बसवायचे, यात कसले शुद्धीकरण?

नवे शब्द घडवू नयेत असे मला म्हणायचे नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ दिले आणि ते रुजले. पण कुठे रुजले ते पाहा. ज्यांना खुर्ची आहे त्यांच्या पदांना घडीव शब्द शोभतात. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मूल आणि समोरून सुटणारी गाडी अशा अवस्थेत ‘बसस्थानक’ हा शब्द पुरा होईपर्यंत बस फाटकाबाहेर गेलेली असते. ‘थांबा’ सुटसुटीत आहे, पण तो रस्त्याकडेचा. तिथे गाडी क्षणभर टेकते, मुक्कामाला नसते. सामान्य माणसाने स्टॉप शहरबसला, स्टँड एसटीला आणि स्टेशन रेल्वेला अशी जी वाटणी केली, ती इंग्रजीतसुद्धा इतकी चोख नाही. उत्तरेतल्या हिंदीचा ‘अड्डा’ घ्यावा, तर मराठीत अड्डा म्हटले की जुगार, गावठी दारू आणि मागोमाग पोलीस येतात. शिंद्यांची राजधानी 1810 साली उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली, तरी उज्जैनमधली मराठी घरे काही उठून गेली नाहीत. त्यांतली एखादी सून सासूबाईंना ‘अड्ड्यावर जाऊन येते’ म्हणाली, तर पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलणार नाही. माळव्यातल्या हिंदीनेही स्टँडच पत्करला, हे त्या घरांवर उपकारच.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. या एका शब्दाने स्वयंपाकघरातले आणि देवघरातले अनेक शब्द गिळले. पाण्याचे हंडे घडवंचीवर असत, ताट अडणीवर, दिवा ठाणवईवर, भांडी मांडणीत. आता माठाचा स्टँड, उदबत्तीचा स्टँड, भांड्यांचा स्टँड, कपडे वाळत घालायचा स्टँड, इडलीचा स्टँड आणि मोबाईलचा स्टँड. लिंगाचाही पत्ता नाही. कोणाचा ‘तो’ स्टँड, कोणाचे ‘ते’. ठाणवई तर अक्षरशः स्टँडची मावसबहीण, तीही गेली. हे वाईट झाले यात शंका नाही. तरी आरोपपत्रात एक दुरुस्ती हवी. घडवंची हा शब्द आधी गेला की तांब्याचे हंडे आधी गेले? नळ घरात आला, हंड्यांची उतरंड मोडीत निघाली आणि घडवंचीवर गाद्यांची चळत आली. गाद्या पलंगावर गेल्या तेव्हा घडवंची माळ्यावर गेली. शब्द वस्तूच्या सोबत सती गेला. रिकाम्या जागेवर स्टँड येऊन बसला एवढाच त्याचा अपराध. मांडणीची गोष्ट मात्र वेगळी. भांडी आहेत, मांडणी आहे आणि तरी तिला कोणी मांडणी म्हणत नाही. तिथे गुन्हा शाबीत आहे.

तिसरा आक्षेप पुढाऱ्यांच्या वतीने. ‘पक्षाने अद्याप स्टँड घेतलेला नाही’ असे रोज ऐकू येते. तिथे तर उभे राहण्याचा अर्थ आहेच ना? मला तसे दिसत नाही. तत्त्वासाठी उभे राहणारा ‘उभा ठाकतो’. स्टँड ‘घेतला’ जातो, ‘बदलला’ जातो, प्रसंगी ‘क्लिअर केला’ जातो, म्हणजे ती हाताळण्याची वस्तू आहे, पायांची क्रिया नव्हे. पूर्वी यासाठी ‘पवित्रा’ होता. तो आखाड्यातला, आणि पवित्रा न बदलणारा पैलवान पाठीवरच पडायचा. त्या शब्दात बदलण्याचा प्रामाणिक कबुलीजबाब होता. स्टँडमध्ये तो नाही, म्हणून पुढाऱ्यांना तो आवडला असावा. ‘स्टँडिंग’ हाही असाच. ‘स्टँडिंग आलो’ म्हणणारा प्रवासी उभा राहिल्याचे सांगत नाही, जागा न मिळाल्याचे सांगतो. भाडे त्याने पूर्णच भरलेले असते. महापालिकेच्या स्टँडिंग कमिटीत तर सगळेच बसलेले, आणि तिथे बसायला मिळावे म्हणून बाकीचे नगरसेवक रांगेत उभे. ‘आउटस्टँडिंग’ शाळेच्या प्रगतिपुस्तकात आले तर पेढे आणि बँकेच्या पत्रात आले तर घाम. वानखेडे स्टेडियममध्ये विजय मर्चंट यांच्या नावाचा स्टँड आहे, सचिन तेंडुलकरचा आहे, मे 2025मध्ये अजित वाडेकर, शरद पवार आणि रोहित शर्मा यांचेही झाले. या स्टँडांवर माणसे तिकीट काढून बसतात आणि पुढचा उभा राहिला की ‘ए, खाली बस’ म्हणून ओरडतात. स्टँडवर उभे राहायला बंदी, हे पाहून इंग्रजी व्याकरणाला घेरी येईल. आपल्याला काहीच वाटत नाही, कारण स्टँड म्हणजे दुसऱ्याला टेकू देणारी जागा, हे आपले पक्के झाले आहे.

या अर्थाची सगळ्यात चोख कसोटी दुचाकीवर लागते. ‘सायकल स्टँडवर आहे’ याचे तीन अर्थ निघतात: एसटी स्टँडवर ठेवली, पैसे घेऊन सायकली सांभाळणाऱ्याच्या स्टँडवर लावली, किंवा दारातच आपल्या लोखंडी पायावर उभी आहे. आणि स्टँडवरल्या स्टँडवर तिचा स्टँड काढून ती लावलेली असली, तरी ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नाही. मोटारसायकलला दोन, साइड स्टँड आणि डबल स्टँड. डबल स्टँडला इंग्रज ‘मधला’ म्हणतो. आपण त्याला दुप्पट भरवशाचा मानून डबल म्हटले. आणि साइड स्टँड खाली राहिलेला असताना कोणी गाडी दामटली, की चौकात अनोळखी माणसे एका सुरात ‘ओ ताई, स्टँड!’ असे ओरडतात. त्यात कर्ता नाही, क्रियापद नाही, पत्ता तर नाहीच. तरी ताईंचा पाय आपोआप मागे जातो. हेच ओरडणे लंडनच्या रस्त्यावर झाले, तर ऐकणारी बाई गाडी थांबवून बहुधा स्वतः उभी राहील. हल्लीच्या बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असला तर चालूच होत नाहीत. त्यामुळे ओरडण्याचे काम कमी होत चालले आहे. जुन्या गाड्या आहेत तोवर चालेल.