नोंद केली आहे, कुठे ते विचारू नका

नवी मुंबईत शिरवण्याच्या एमआयडीसीत कुठल्याही कंपनीच्या गेटवर जाऊन पाहा. आत संगणकावर चालणारी यंत्रं असोत नाहीतर गारठलेली सर्व्हर रूम, गेटवर एक लांबट रजिस्टर असतंच, आणि त्याला सुतळीने बांधलेलं बॉलपेन. नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचं, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, सही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आलेला टेम्पो किती वाजता बाहेर पडला, हे वॉचमन पानावरून बोट फिरवत सांगतो. त्याने आजवर नोंदींसाठी कुठलंही ॲप निवडलेलं नाही.

त्याच गेटमधून आत जाऊन खरेदी विभागात बसणारे एक गृहस्थ मात्र कित्येक वर्षं ॲप निवडत आहेत.

ते राहतात गावठाणात, भाड्याने. ऑफिस पायी अंतरावर. जवळच्या जुईनगर स्टेशनात हार्बर आणि ट्रान्स-हार्बर अशा दोन्ही मार्गांच्या गाड्या थांबतात, पण त्यांना त्यातली एकही रोज पकडावी लागत नाही. त्यामुळे त्यांचा प्रवासाचा वेळ वाचतो, आणि वाचलेला वेळ ते वेळ कसा वाचवावा याचे व्हिडिओ बघण्यात घालवतात. या व्हिडिओंमधला तरुण नेहमी पांढऱ्या भिंतीसमोर बसलेला असतो. टेबलावर एक कुंडी, एक लॅपटॉप आणि बाकी काही नाही. तो म्हणतो, दुसरा मेंदू तयार करा. पहिल्याचं काय करायचं, हे तो सांगत नाही.

सुरुवात झाली ती हत्तीपासून. एव्हरनोट हे नोंदींचं ॲप 2008 साली सर्वांसाठी खुलं झालं. हत्ती काही विसरत नाही म्हणे, म्हणून चिन्हावर हत्ती. गृहस्थांनी या हत्तीच्या पाठीवर पीएफचा नंबर लादला, फ्रिजच्या वॉरंटीचा फोटो लादला, अळूवड्यांची कृती लादली. पुढे 2022 च्या अखेरीस मिलानची बेंडिंग स्पून्स कंपनी एव्हरनोट घेत असल्याचं जाहीर झालं, आणि 2023 च्या डिसेंबरात फुकट्या ग्राहकांसाठी नवा नियम आला: एक वही, पन्नास नोंदी. आधीच्या नोंदी जागेवर राहिल्या, पण पन्नासच्या पुढे नवी घालायची तर पैसे मोजा. कंपनीचं काही चुकलं असं म्हणता येत नाही, हत्ती पोसायला पैसे लागतातच. पण एकदा मोफतची सवय झालेल्या माणसाला शेपूट तेवढं हातात राहिल्यासारखं वाटलं.

मग नोशन आलं. त्यात पानात पान, पानात तक्ता, तक्त्याच्या प्रत्येक ओळीत पुन्हा पान. एका रविवारी दिवसभर बसून गृहस्थांनी 'घर' नावाची इमारत उभी केली. किराणा, बिलं, औषधं, नातेवाईक, प्रत्येकाला चित्र आणि रंग. रात्री स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, गॅस बुक केलात का?"

"नाही. पण गॅसचं पान तयार आहे. कव्हर फोटोसुद्धा लावलाय."

त्या रात्री जेवण बाहेरून आलं. त्या खर्चाची नोंद योग्य त्या तक्त्यात झाली.

त्यानंतर ऑब्सिडियन. याचं वैशिष्ट्य असं की नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत तुमच्याच यंत्रावर राहतात, आणि एका नोंदीतून दुसरीला दुवा देता येतो. सगळ्या दुव्यांचा एक आलेखही दिसतो, काळ्या पडद्यावर पसरलेलं ठिपक्यांचं जाळं. गृहस्थांच्या आलेखात सासरे लासलगावला जोडलेले होते, लासलगाव कांद्यांना, आणि कांदे ॲसिडिटीला. निष्कर्ष त्यांनी घरात कोणाला सांगितला नाही.

या दुव्यांच्या वेडाचा मूळपुरुष जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लूमान. त्याने आयुष्यभरात सुमारे 90,000 चिठ्ठ्या लिहून लाकडी खणांत लावून ठेवल्या आणि त्यांच्या जोरावर पुस्तकांची रास उभी केली. नोंदींच्या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ हा आकडा सांगताना डोळे विस्फारतो. मराठी माणसाने ते विस्फारायचं कारण नाही. पुण्यात येरवड्याला, डेक्कन कॉलेजात, चिठ्ठ्या सुमारे एक कोटी आहेत.

ही थट्टा नाही. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1948 साली तिथे संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचं काम सुरू केलं. ऋग्वेदापासून पुढच्या जवळजवळ दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचायचे, प्रत्येक शब्द कुठे, कोणत्या अर्थाने, कोणत्या ओळीत आला ते एका चिठ्ठीवर उतरवायचं आणि ती चिठ्ठी अनुक्रमाने खणात लावायची. विद्वानांची एक फौज हे 1973 पर्यंत करत होती. पंचवीस वर्षं फक्त नोंदी! पहिला भाग छापून आला 1976 साली. तेव्हापासून तीसहून अधिक खंड निघाले आणि अक्षर अजून 'अ'च आहे. यात आळस नाही. संस्कृतात नकार 'अ' लावून करतात, त्यामुळे भाषेतला निम्मा नकार या एकाच अक्षरात येऊन बसलाय. पण गृहस्थांनी ही हकिकत वाचली तेव्हा त्यांना भलताच धीर आला. त्यांच्या 'या वर्षीची उद्दिष्टं' या पानावर पहिलं उद्दिष्ट 'अर्धा तास चालणे' हे होतं, आणि तेही 'अ'पाशीच अडलं होतं.

फरक असा की डेक्कन कॉलेजातली चिठ्ठी मागितली की मिळते. ती ठरलेल्या अनुक्रमाने लावलेली आहे. ती लिहिणारा निवृत्त झाला, तरी पुढच्याला ती सापडते.

गृहस्थांना मात्र दूध सापडत नाही. एके दिवशी ते 'दूध' असं लिहितात, घाईत असले की 'दुध', कीबोर्ड बदलायचा कंटाळा आला की रोमन लिपीत, आणि सूनबाईंनी नोंद केली असेल तर 'मिल्क'. ॲपच्या लेखी हे चार निराळे पदार्थ आहेत. 'बिल' आणि 'बील', 'रुपये' आणि 'रूपये', सगळ्यांची तीच गत. शाळेत मराठीच्या बाईंनी ऱ्हस्व-दीर्घासाठी कापलेला अर्धा मार्क इतक्या वर्षांनी यंत्राने व्याजासकट वसूल केला. त्यातही गंमत खुद्द 'ॲप' या शब्दाची. चंद्र घेतलेल्या या अक्षराला युनिकोडमध्ये 2008 साली स्वतंत्र जागा मिळाली. त्याआधी ते 'अ'वर वेगळा चंद्र चढवून उमटवत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच करतात. दिसायला दोन्ही सारखी, आतून वेगळी. साध्या शोधाला दोन्ही एक आहेत हे कळत नाही. म्हणजे 'कोणतं ॲप घ्यावं' अशी नोंद करून ठेवणाऱ्याला ती नोंदही न सापडण्याची पुरेपूर सोय आहे. नोंदींच्या ॲपच्या जाहिरातीत याबद्दल अवाक्षर नसतं, कारण ती लिहिणाऱ्याला दूध एकाच प्रकारे लिहिता येतं.

या धामधुमीत देशाने आपलं ॲप केव्हाच निवडलं होतं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवायची अधिकृत सोय 2022 च्या अखेरीस आली. त्याआधी लोक काय करत? एक गट काढायचा, त्यात मेहुण्याला घ्यायचं, आणि लगेच मेहुण्याला काढून टाकायचं. उरला तो एकट्याचा गट. त्यात विजेच्या बिलाचा फोटो, भाडेकरार, आधार कार्ड, गणपतीच्या सजावटीचा व्हिडिओ, सगळं एका रांगेत. अनेक मेहुणे त्या काळात दुखावले गेले. काहींना अजून वाटतं की ते लग्नातल्या आहेरावरून झालं.

गृहस्थांचे घरमालक या कशात पडत नाहीत. ते मूळचे इथले. नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली 1970 साली आणि 95 गावांच्या जमिनींचं संपादन सुरू झालं, तेव्हापासून या पट्ट्यातल्या घराघरांत एक पत्र्याची पेटी आहे. सातबारा, फेरफार, नोटिसा, जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के प्लॉटची फाईल. कितव्या नोटिशीला काय उत्तर दिलं हे मालक पेटी न उघडता सांगतात, आणि समोरचा ऐकत नसेल तर पेटी उघडतात. त्या कागदांवर प्लॉट अवलंबून होता, म्हणून ते जपले गेले. अळूवड्यांच्या कृतीवर कोणाचाच प्लॉट नव्हता.

गृहस्थांच्या सौ. आणखी पुढे गेलेल्या आहेत. जयंतराव साळगांवकरांनी 1973 साली सुरू केलेलं कालनिर्णय त्यांच्या ओट्याशेजारी खिळ्यावर टांगलेलं असतं. तारखेच्या चौकोनात 'अर्धा जादा', 'बाई नाही', 'सिलिंडर लावला' एवढंच लिहिलेलं. शोधायला तारीख पुरे. घरातल्या कोणालाही वाचता येतं, पासवर्ड नाही, चार्जिंग नाही. सर्वांत मोठी सोय म्हणजे डिसेंबर संपला की सगळ्या नोंदी आपोआप मोडीत निघतात आणि पान कपाटाच्या खणात अंथरलं जातं. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये बाई किती दिवस आली नाही, हे जन्मभर जपण्याची सौ.ना इच्छा नाही. ॲपवाल्यांना अजून विसरायची ही युक्ती साधलेली नाही. ते सगळंच जपून ठेवतात, स्वतः बंद पडेपर्यंत.

आणि बंद ती पडतात. गूगलचं नोटबुक 2012 मध्ये गेलं, स्प्रिंगपॅड 2014 मध्ये. वंडरलिस्ट मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं आणि 2020 च्या मे महिन्यात त्याला कुलूप लावलं. 2013 च्या मार्चमध्ये तर गूगलने एका आठवड्यात बातम्या-ब्लॉग वाचायचं रीडर बंद करत असल्याचं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात नोंदींचं कीप आणलं, म्हणजे बारसं आणि तेरावं एकाच घरी. कीप अजून धडधाकट आहे, ही गोष्ट मान्य करायला हवी.

कागद अमर असतो असंही नाही. पेशव्यांचं दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडी रुमालांत बांधून सुखरूप आहे, पण ते मोडीत आहे, आणि मोडी वाचणारे मोजके उरलेत. फाईल शाबूत, उघडणारा नाही. त्यातही फरक हा की मोडी कोणालाही शिकता येते, बंद पडलेल्या कंपनीचा सर्व्हर शिकता येत नाही.

तेव्हा नवं ॲप घेणाऱ्यांनी त्याचे रंग आणि कव्हर फोटो बघत बसू नये. पहिल्याच दिवशी त्यात चार नोंदी मराठीत टाकाव्यात, दूध दोन्ही प्रकारे लिहून शोधून पाहावं, आणि मग सगळ्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत बाहेर काढायचं बटण सेटिंग्जमध्ये कुठे आहे ते हुडकावं. ते सापडलं तर ॲप ठेवा. नाही सापडलं, तर त्याच संध्याकाळी काढून टाका. आणि त्याआधी गॅस बुक करा.