घडवलं घरानं, मिरवलं संघटनेनं

23 फेब्रुवारी 2025 रोजी इटलीतल्या सेस्ट्रिएरेला अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिननं वर्ल्ड कपमधली शंभरावी शर्यत जिंकली. अल्पाइन स्कीइंगमध्ये हा आकडा याआधी कुणी गाठला नव्हता. तिच्याआधीचा विक्रमवीर स्वीडनचा इंगेमार स्टेनमार्क, तो 86 वर थांबला होता. या बाईच्या थोरवीवर वाद घालायचं कारणच नाही. वाद आहे तो या यशाचं श्रेय कोण घेतं यावर, आणि तिच्याच संघात तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या मुलींचं काय होतं यावर.

आधी श्रेयाचं बघू. शिफ्रिनचे वडील जेफ कॉलेजात असताना स्कीच्या शर्यतींत उतरलेले, आई आयलीनही शर्यतपटू. लेकीला शर्यतींच्या मागे पळवायचं नाही, सराव जास्त आणि शर्यती कमी, हा हट्ट त्या घराचा. व्हरमाँटच्या बर्क माउंटन अकॅडमीत तो हट्ट चालवून घेणारी माणसं भेटली हे तिचं भाग्य. पुढे वर्ल्ड कपमध्येही आई प्रशिक्षक म्हणून वर्षानुवर्षं सोबत राहिली. ऑस्ट्रियाच्या मार्सेल हिर्शरनं वर्ल्ड कपचं सर्वसाधारण विजेतेपद सलग आठ वेळा जिंकलं. त्याचे गुरू वडील फर्डिनांड. क्रोएशियाच्या यानित्सा कोस्तेलिचची चार ऑलिंपिक सुवर्णपदकं; तिचे गुरू वडील आंते. देश तीन, राष्ट्रीय स्की संघटना तीन, आणि तिन्हीकडे सुपरस्टार घरातूनच आलेला. संघटनेनं प्रशिक्षक दिले, स्कीला धार लावणारे दिले, प्रवास सांभाळला, सगळं मान्य. पण असा खेळाडू घडवायची रीत कुठल्याही संघटनेला ठाऊक नाही. संघटनेची परीक्षा असते ती दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या खेळाडूत.

त्या परीक्षेत अमेरिकेनं काय केलं, ते पॉला मोल्टझानला बघून कळतं.

मिनिआपोलिसच्या उपनगरात हमरस्त्याला लागून बक हिल नावाची टेकडी आहे. वरून खालपर्यंत जेमतेम 300 फूट. अर्ध्या मिनिटात उतार संपतो. पण दोरी धरली की पोरं झटक्यात परत वर, रात्री दिव्यांच्या उजेडातही, आणि एका संध्याकाळी इतक्या फेऱ्या होतात की मोठ्या डोंगरावरच्या मुलांना तेवढी वळणं कित्येक दिवसांत मिळत नाहीत. ऑस्ट्रियातून आलेल्या एरिक सायलर या गुरूनं इथं कित्येक दशकं पोरं घडवली. अमेरिकेची नामवंत स्कीपटू लिंडसे वॉन इथलीच, आणि मोल्टझानही इथलीच. स्लॅलम म्हणजे गेटांमधून काढायची आखूड, झटपट वळणं. ती पायात बसायला हिमालय किंवा आल्प्स लागत नाहीत, वळणांची संख्या लागते. माझ्या मते या खेळातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्यासाठी पैसाही तुलनेनं कमी लागतो.

2015 मध्ये मोल्टझान ज्युनिअर गटात स्लॅलमची जगज्जेती झाली. पुढच्याच वर्षी ती राष्ट्रीय संघाबाहेर होती. वय 22. ती व्हरमाँट विद्यापीठात शिकायला गेली, कॉलेजच्या संघाकडून उतरली आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या विद्यापीठांमधलं स्लॅलमचं विजेतेपद मिळवलं. अभ्यास सांभाळत ती पुन्हा वर्ल्ड कपच्या दारात आली, संघात परतली. डिसेंबर 2022 मध्ये ऑस्ट्रियातल्या सेमरिंगला स्लॅलममध्ये शिफ्रिन पहिली आणि मोल्टझान दुसरी. फेब्रुवारी 2025 मध्ये सालबाखच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत जायंट स्लॅलमचं ब्राँझ तिच्या गळ्यात पडलं. त्या दिवशी शिफ्रिन शर्यतीत नव्हती. किलिंग्टनच्या शर्यतीत झालेल्या अपघाताच्या धक्क्यातून ती अजून सावरत होती. मोल्टझानचं वय तेव्हा 30. शिफ्रिनपेक्षा ती जवळजवळ वर्षानं मोठी आहे. म्हणजे ‘शिफ्रिननंतर कोण’ या प्रश्नाला जी भरवशाची म्हणून पुढे उभी राहिली, ती वयानं शिफ्रिनच्या आधीची, आणि संघटनेनं एकदा घरी पाठवलेली.

ही चूक एका माणसाच्या हातून झालेली नाही. ती मोजपट्टीतच आहे. शिफ्रिन सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, अठराव्या वर्षी सोचीत ऑलिंपिक सुवर्ण घेऊन आली. तेव्हापासून प्रत्येक पोरीकडे बघताना तोच कॅलेंडरचा कागद डोळ्यांपुढे धरला जातो. राष्ट्रीय संघाच्या निवडीचे निकषही जन्मवर्षागणिक कडक होत जातात. मधेच गुडघ्याचा लिगामेंट फाटला तर मोसम गेला, आणि निकष काही कुणासाठी थांबत नाहीत.

वर या खेळाची रचनाच नवख्यांच्या विरोधात. वर्ल्ड कपच्या पहिल्या फेरीत आधी उतरतात जगातले अव्वल पंधरा, मग त्यांच्या मागचे पंधरा. नवखी मुलगी पन्नासाव्या किंवा साठाव्या क्रमांकावर उभी. तिची पाळी येईपर्यंत प्रत्येक गेटपाशी बर्फात चर पडलेले असतात, आणि त्या चरांतून धडधडत उतरून तिनं पहिल्या तिसांत यायचं असतं. तेव्हा कुठे दुसरी फेरी मिळते. त्यात मात्र तिसाव्या क्रमांकावरची सगळ्यांच्या आधी, अजून न उकरलेल्या उतारावर उतरते. शर्यतीत पहिली येणारीला शंभर गुण, तिसावीला एक. त्या एका गुणासाठी कित्येक मुली दोन-तीन हिवाळे घालवतात. हे हिवाळे वाया गेले असं ज्याला वाटतं त्याला हा खेळ कळलेला नाही.

पैशाची गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत ऑलिंपिक खेळांना सरकारकडून थेट पैसा मिळत नाही. देणगीदार आणि प्रायोजक यांच्यावर संघटना चालते. देणगी पदकाकडे बघून येते. खालच्या फळीतल्या मुलांनी मात्र कित्येक वर्षं प्रवासाची बिलं स्वतःच्या खिशातून भरली. ज्या घरात पैसा नाही तिथली पोर निकषाआधीच गळते, आणि ती कुठल्या यादीत नसल्यानं तिची मोजदादही होत नाही.

यात शिफ्रिनचा दोष तिळमात्र नाही. जगातली सर्वांत वेगवान मुलगी रोज तुमच्याच सरावाच्या उतारावर उतरते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत तुमचा वेळ तिच्या वेळेशी लावून बघता येतो, यापेक्षा मोठी शाळा कोणती? पण तुलनेचं ओझंही असतंच. सालबाखलाच ब्रीझी जॉन्सननं डाउनहिलचं सुवर्ण जिंकलं, लॉरेन मकूगानं सुपर-जीचं ब्राँझ. वेगाच्या या प्रकारांत शिफ्रिन क्वचितच उतरते. तिथल्या मुलींना तिच्याशी तुलनेचं ओझं कमी होतं हे मला तरी योगायोग वाटत नाही.

इतर दोन देशांचं काय झालं तेही बघा. हिर्शर सप्टेंबर 2019 मध्ये निवृत्त झाला. लगेचच्या मोसमात देशांमधली गुणांची शर्यत, नेशन्स कप, स्वित्झर्लंडनं नेली. त्याआधीची तीस वर्षं ती ऑस्ट्रियाकडे होती. तीस वर्षांची भिंत एका माणसानं उभी केली नव्हती, पण तिच्यातल्या भेगा त्याच्या विजयांनी झाकल्या होत्या. क्रोएशियात यानित्सानं 2006 मध्ये स्लॅलमच्या मोसमी विजेतेपदाचा स्फटिकाचा गोल जिंकला. त्यानंतर तो क्रोएशियन मुलीच्या हाती आला थेट 2025 मध्ये, झ्रिंका ल्युतिचमुळे. मधे एकोणीस वर्षं गेली.

शिफ्रिननं तिशी ओलांडली आहे, म्हणून अमेरिकेच्या संघटनेकडे मागणी आत्ताच करायला हवी. विशी-बाविशीतल्या मुलीला संघातून काढायचं असेल तर काढा, पण परत यायची वाट तिच्या हातात लेखी द्या: कॉलेजच्या संघातून किती गुण मिळवले की पुन्हा बोलावणार, तोवर सरावाच्या उतारावर तिला जागा असणार की नाही. मोल्टझान परतली ती स्वतःच्या हिमतीवर; पुढच्या मुलीकडून तेवढ्याच हिमतीची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. आणि तुम्ही, वाचकहो, पुढच्या हिवाळ्यात स्लॅलम बघायला बसलात तर शिफ्रिन उतरल्यावर लगेच उठू नका. चाळिसाच्या पुढच्या क्रमांकांपर्यंत थांबा, आणि त्यांतल्या कोण दुसऱ्या फेरीत पोचतात तेवढं लक्षात ठेवा.